सोजरबाईचं कडवं

गाणं सुरू व्हायच्या आधी जो घसा खाकरला गेला, तो तिच्या वडिलांचा होता. आम्रपालीला याबद्दल क्षणभरही शंका आली नाही. आवाज गाण्यात शिरला की थोडाफार दुसऱ्यासारखा होतो, पण खाकरणं ज्याचं त्याचं असतं. आधी एक बारीक, परवानगी मागितल्यासारखं, आणि लगेच दुसरं मोठं, परवानगी मिळालीच आहे असं धरून. मागे पेटीचा एकच सूर कुणीतरी दाबून धरला होता, लाऊडस्पीकर शिट्टी मारत होता, एक मूल रडत होतं आणि एक बाई त्या मुलाला 'गप की रं' म्हणत होती. मग तो गायला लागला. कल्याणीनगरमधल्या त्या थंडगार मजल्यावर सकाळचे लोक कॉफीचे मग सांभाळत आपापल्या खुर्च्यांकडे चालले होते, आणि ज्याला आपण स्मशानात पोचवून आलो तो माणूस तिच्या दोन्ही कानांच्या मधोमध उभा राहून पाण्याच्या नळाबद्दल गात होता. तिनं हेडफोन काढला. पुन्हा घातला. शेजारच्या मुलीनं मान वळवून विचारलं, "काय गं, व्हॉल्यूम?" ती म्हणाली, "हो, व्हॉल्यूम."

तिचं काम ऐकण्याचं होतं. सांगायला लाज वाटावी इतकं सोपं. इंटरनेटवर लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट गाणी उचलत होते. मध्ये दुकान नाही, गोदाम नाही, तुझ्याकडचं मी घेतो, माझ्याकडचं तू घे. पूर्वी वस्तीत मीठमिरची अशीच फिरायची आणि त्याला शेजार म्हणत. आता त्याला पायरसी म्हणत, आणि ती पकडून द्यायला म्युझिक कंपन्या आम्रपालीच्या ऑफिसला पैसे मोजत. पकडायचं काम मशीनच करी. कोण कुठलं गाणं वाटतोय, कुठल्या शहरातून, कुठल्या कनेक्शनवरून, सगळं त्याला कळे. फक्त मधूनच त्याची खात्री होत नसे, आणि अशा ठिकाणी माणूस बसवलेला होता. माणसानं ऐकायचं आणि 'जुळतं' किंवा 'जुळत नाही' यांतलं एक बटण दाबायचं. 'जुळतं' म्हटलं की पुढचं आपोआप होई. इंटरनेट पुरवणाऱ्याला नोटीस जाई, तो पुढे गिऱ्हाइकाला कळवी, आणि बहुतेक वेळा भीतीनंच काम भागे. यासाठी तिनं इंजिनिअरिंग केलं होतं, दोन नोकऱ्या बदलल्या होत्या, वाघोलीत फ्लॅट घेतला होता. आणि तरीसुद्धा जुन्या कॅसेटांचा हा नवा कॅटलॉग आला, त्यावरची निळी मुखपृष्ठं स्क्रीनवर दिसली, तशी टीम लीड बाकी कुणाकडे न बघता तिच्याकडे आली होती. "हे तुला कळेल," ती म्हणाली होती. आम्रपालीनं कधी ऑफिसात आपण कोण, कुठल्या वस्तीतल्या, हे सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, एवढंच या शहराचं सौजन्य.

कॅटलॉगमध्ये नोंद होती: सोजरबाई, सर्व गीते. मशीनला शंका आली ती त्या नोंदीमुळे, कारण आवाज पुरुषाचा आणि शेवटच्या कडव्यात नाव सोजरबाईचं. फाईल वाटणारा नांदेडचा कुणीतरी होता, त्यानं स्वतःला 'निळं पाखरू' असं नाव दिलं होतं. आम्रपालीनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. नियमानं अर्धा मिनिट पुरे असतं. शेवटी ते कडवं आलंच.

म्हणे सोजर, नळापाशी मी उभी राहते ताठ,
माझ्या हाती माझं पाणी, कुणाची पाहू वाट.

तिचा बाप, सुखदेव, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. पहाटे सायकलला लांब लोखंडी चावी आडवी बांधून निघायचा आणि रस्त्यातली झाकणं उघडून व्हॉल्व्ह फिरवत जायचा. खडकवासल्याचं पाणी कुठल्या गल्लीला किती वेळ, हे त्याच्या मनगटात होतं, आणि सदाशिव पेठेतल्या जिन्यांवरून त्याला ओरडून सांगणारे लोक होते की अहो, आज दोन बादल्यासुद्धा भरल्या नाहीत, झोपला होतात का. तो हसायचा. याच्या हातात अर्ध्या पुण्याचं पाणी, आणि वस्तीतल्या नळाला मात्र रांग. हे गाणं त्यानं त्या रांगेत रचलं होतं. आम्रपाली त्याच्या सायकलच्या दांडीवर बसलेली असायची आणि तो शब्द पुटपुटत बोटांनी हँडलवर ठेका धरायचा. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत आणि तो पुटपुटता पुटपुटता ते फुंकून बाजूला करी. म्हणजे गाणं त्याचं होतं. यात दुमत व्हायचं कारण नव्हतं. पण त्यांच्या गायन पार्टीत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत होती, आणि सुखदेवनं आयुष्यात एकाही गाण्यात स्वतःचं नाव घातलं नाही. सगळीकडे सोजरबाई. भाजीची पाटी घेऊन फिरणारी, सही न येणारी, आवाजानं मैदान भरून टाकणारी ती बाई त्याची गुरू होती. त्याला तिनं गायला उभं केलं, म्हणून तोंडातून निघेल ते तिचं. त्याला कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "बाईंचं नाव घातलं की गाणं वजनदार होतं." वजनदार! आता त्या वजनाखाली त्याचं स्वतःचं नाव कुठे चेपलं गेलं ते शोधत बसा. आम्रपालीला त्या क्षणी मेलेल्या बापाचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं ते त्या रागाचं की आवाजाचं, हे तिला ठरवता येईना. घरात त्याच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट होती. जयंतीला कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढे धरून भरलेली. ती ह्यानं मागितली, त्यानं नेली, ह्या घरची त्या घरी गेली, आणि परत आलीच नाही. कॅसेट परत मागायला जाणं सुखदेवला कमीपणाचं वाटे. "ऐकतायत ना? ऐकू दे की," म्हणायचा. तो गेला तेव्हा त्याच्या आवाजाची घरात एक ओळही नव्हती. आई कधी त्याबद्दल बोलली नाही, फक्त रेडिओवर कुणी भारदस्त आवाजात गायला लागलं की ती उठून दुसरं काही करायला लागे.

'जुळत नाही' दाबायचं आणि गप्प बसायचं. संध्याकाळी घरी जाऊन त्या पाखराकडून फाईल उतरवून घ्यायची, जगातले लाखो लोक घेतात तशी. हे तिला सुचलं नाही असं नाही. ऑफिसात फोन आणि पेनड्राइव्ह दारातच लॉकरमध्ये ठेवावे लागत, इथून काही नेता येणार नव्हतं. पण घरी ब्रॉडबँड होतं. तिला ते नको होतं. चोरून कशाला? बापाचं आहे, तर बापाच्या नावानं मिळू दे. सगळं जग ज्या कायद्याच्या नावानं आपल्याकडून कामं करून घेतं, तो एकदा आपल्याही बाजूनं बोलू दे. तिच्या शिक्षणानं तिला हेच शिकवलं होतं, की योग्य खिडकीत योग्य अर्ज केला की माणसाला त्याचं मिळतं. तिनं दोन्ही बटणं सोडून 'लीगलकडे' हे तिसरं बटण दाबलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सुदर्शनच्या केबिनमध्ये गेली.

सुदर्शन ऑफिसचा कायदेवाला. सदाशिव पेठेतला, पन्नाशीचा, डबा घरून आणणारा आणि कुणालाही एकेरीत न बोलणारा. त्याच्याशी बोलताना समोरच्याला आपण काहीतरी वाढीव मागतोय असं वाटत राही.

"हे गाणं सोजरबाईंचं नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं आहे. गातायत तेही तेच."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "गातायत ते तुमचे वडील असतील. आनंद आहे. प्रश्न रचलं कुणी हा आहे. शेवटी नाव कुणाचं येतं?"

"सोजरबाईंचं."

"मग?"

तिनं रीत सांगितली. सांगता सांगता तिला जाणवलं, की आपण या माणसाला काहीतरी समजावतोय आणि ते त्याला आपल्याहून चांगलं समजलंय.

"म्हणजे तुमच्या वडिलांनी गाणं स्वतः केलं," तो म्हणाला, "आणि स्वतःच त्यावर दुसऱ्याची सही केली."

"सही नाही. मान म्हणून."

"अहो, मानाचं कलम नाहीये कायद्यात. कृतीवर ज्याचं नाव तो तिचा कर्ता, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि त्या बाईंनी कॅसेट कंपनीला आपली झालेली, होणारी, सगळी गाणी लिहून दिलीयत. अंगठा आहे. ती कंपनी आता आपल्या क्लायंटनं घेतली."

"मग उलट सिद्ध करते."

"जरूर करा. आई आहेत ना? त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. गीत यजमानांनी रचलं, सोजरबाईंचा रचनेशी काही संबंध नाही. क्लायंट एका गाण्यासाठी भांडणार नाही. मसुदा मी आजच करून देतो, वकिलाचा खर्च कशाला करताय." तो खरंच मदत करत होता. पुढे तिनं त्याला दोष द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी हे वाक्य आड आलं.

नगर रस्त्याला नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. कंपनीच्या बसच्या काचेला डोकं टेकवून तिनं मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं. चाल आठवली, शब्द आठवले, पण ते तिच्याच आवाजात ऐकू येत होते. सकाळी तर तो कानात होता. वाघोलीच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता आणि आई खाली बाकड्यावर बसून तो रिकामा होताना बघत होती. हे तिचं रोजचंच. ज्या माणसानं जन्मभर शहराला पाणी सोडलं, त्याची बायको त्याच शहराच्या टोकाला टँकरच्या भोंग्याची वाट बघते, आणि याला प्रगती म्हणायचं. फ्लॅट आम्रपालीनंच घेतला होता, तेव्हा तक्रार करायची सोय नव्हती. वर आल्यावर तिनं सगळं सांगितलं. आईनं, नंदाबाईंनी, मध्येच विचारलं, "खाकरले का आधी?"

"दोनदा."

आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं तो मसुदा मागून घेतला, खिडकीशी नेला, बोट ठेवून ठेवून वाचला आणि परत दिला.

"हे मी देणार नाही."

"का? खोटं आहे का यात?"

"गाणं ह्यांनी केलं, हे खरं आहे. सोजरबाईचा संबंध नाही, हे खोटं आहे."

"आई, रचण्याशी संबंध नाही एवढंच."

"चार माणसांत तोंड उघडायला कुणी शिकवलं त्यांना? म्युनिसिपालटीत साहेबापुढं मान वर करत नव्हते ते. नळावरची बाई ताठ उभी राहते म्हणून गायलेत, ती बाई त्यांनी कुठं बघितली? सोजरबाई भांडायची त्या नळावर, तिलाच बघितली." आईचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "त्यांनी दिलं ते दिलं, अमू. दिलेलं नाव आता मी खोडू? तुझं नाव कुणी ठेवलं ठाऊक आहे ना? सोजरबाईनंच. तेही खोडून टाक मग त्याच कागदावर."

"अगं, पण त्यांचं नाव कुठेच नाही! कुठेच!" आम्रपाली ओरडली. हे तिला आईला सांगायचं नव्हतं, बापाला सांगायचं होतं. "एवढी गाणी केली आणि जगात एक माणूस सांगणार नाही, की ही सुखदेवची."

"वस्तीत सगळ्यांना माहीत आहे."

वस्तीत! आम्रपालीला हसू आलं, आणि ते हसू आईनं पाहिलं. आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कागद राहू दे. मला ऐकव फक्त. एवढंच कर."

त्या संध्याकाळी ती कॉम्प्युटरपुढे बसली. हात पुढे गेला नाही. आपल्याच ऑफिसचं मशीन आता याच फाईलवर डोळा ठेवून बसलंय. कोण उतरवतो, कुठल्या कनेक्शनवरून, सगळं त्यात उमटतं. उद्या सकाळी आपल्याच स्क्रीनवर वाघोलीचा पत्ता आला तर? ज्या बाईनं सकाळी 'माझा हक्क आहे' म्हणून अर्ज केला, ती संध्याकाळी चोरी करताना सापडली तर? 'उद्या बघू,' ती आईला म्हणाली. आईनं मान डोलावली. माणसाला इतकी वर्षं ऐकलं नाही, तर एक दिवस काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आम्रपालीला मात्र अंथरुणावर पडल्यावर समजलं, की आपण भितो. इंजिनिअर झालो, फ्लॅट घेतला, इंग्रजीत भांडायला शिकलो, आणि साहेबापुढं मान वर होत नाही ती नाहीच. बापाला निदान सोजरबाई भेटली होती.

दुसऱ्या दिवशी फाईल तिच्या स्क्रीनवर नव्हती. ती सुदर्शनच्या केबिनमध्ये गेली, तेव्हा तो डबा उघडत होता.

"वाद निघाला की आधी लॉक करायचं, मग बोलायचं. पद्धत आहे," तो म्हणाला. "नांदेडच्या त्या इसमाला नोटीस गेली. काढलं त्यानं लगेच, लोक घाबरतात. आणि नकली फायली सोडल्यात."

"कसल्या नकली?"

"तुम्हाला माहीत नाही? पलीकडची टीम करते. तेच नाव, तेवढीच लांबी, सुरुवातीचं जरासं खरं आणि पुढे नुसती खरखर. अशा हजारो सोडायच्या. शोधणाऱ्याला खरं सापडतच नाही, कंटाळून नाद सोडतो. फार परिणामकारक."

"पण मी तर ते आमचं आहे म्हणून सांगायला आले होते."

"म्हणूनच," सुदर्शन म्हणाला. "तोपर्यंत ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं."

किती साधं होतं. ती केबिनमध्ये आली नसती, तर ते पाखरू अजून नांदेडात बसून वाटत राहिलं असतं आणि कुणाचं काही अडलं नसतं. बापानं नाव घातलं नाही म्हणून गाणं इतकी वर्षं जगलं. हिनं नाव घालायला घेतलं आणि एका दिवसात मेलं. तिनं विचारलं, की खरी फाईल कुठे आहे. ती होती, पुरावा म्हणून, कायदा विभागाच्या ताब्यात, कुलपात. हक्क सिद्ध झाला तर प्रत मिळेल. नाही झाला तर क्लायंटच्या इच्छेप्रमाणे. "तुम्ही ऐकू शकत होतात काल," सुदर्शन म्हणाला आणि लोणच्याची फोड बाजूला केली. "आज नाही. तुम्ही आता पक्षकार झालात."

घरी आल्यावर तिनं भीतीला कोलून कॉम्प्युटर लावला. नाव टाकलं, तर पडद्यावर त्याच नावाच्या रांगाच्या रांगा आल्या. तिनं एक उतरवली, दुसरी उतरवली, मग मिळेल ती. प्रत्येकीत तेच. ती एकामागून एक उघडत होती तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली हे तिच्या लक्षात आलं नाही. खोलीत सुखदेव खाकरला. आधी बारीक, मग मोठा. पेटीचा सूर, पोराचं रडणं, 'गप की रं'. त्यानं पहिली ओळ उचलली, 'पाणी आलं गं' एवढं म्हटलं, आणि त्याच्या तोंडातून कर्कश खरखर सुटली. आम्रपालीनं झटकन आवाज बंद केला. वळून पाहिलं तर आईचे दोन्ही हात कानांवर होते आणि डोळे उघडे होते.

"काय झालं त्यांना?" आई म्हणाली.

"फाईल खराब आहे, आई."

"पुन्हा लाव."

"पुढे काही नाहीये."

"लाव तेवढंच."

तिनं लावलं. खरखर सुरू व्हायच्या आत थांबवलं. आई म्हणाली पुन्हा. पुन्हा लावलं. त्या तेवढ्याशा तुकड्यात तो दर वेळी नव्यानं परवानगी मागत होता आणि दर वेळी त्याला अर्ध्या ओळीवर गप्प करावं लागत होतं, आणि गप्प करणारं बोट आम्रपालीचं होतं. कधीतरी तिचं बोट चुकलं आणि खरखर पूर्ण वाजली. तेव्हा आई खाली बसली. "सबंध कुणाकडे आहे?" तिनं विचारलं. आम्रपालीनं सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं, पण तिला काही सुचलं नाही.

"आण तो कागद," आई म्हणाली.

आम्रपाली 'नको' म्हणाली नाही. हे नंतर तिला सारखं आठवत राहिलं. तिनं पर्समधून मसुदा काढला आणि पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं. आईनं सही करण्याआधी एकदा पुन्हा बोट ठेवून वाचलं. 'सोजरबाई यांचा सदर गीताच्या रचनेशी कोणताही संबंध नाही' या ओळीवर बोट जरा थांबलं आणि पुढे सरकलं. मग ती म्हणाली, "इथं ह्यांना कै. लिहिलंय. आपण कैलासात जात नाही. कालकथित लिहायला सांग." दुसऱ्या दिवशी सुदर्शननं तो शब्द मुकाट्यानं बदलला, वर असंही म्हणाला, की बरं झालं सांगितलंत, मला ठाऊक नव्हतं. बाकी मजकुरात आईनं काही बदल सुचवला नाही. शिवाजीनगरला कोर्टाबाहेर नोटरीपुढे सही करून तिनं 'हे सर्व खरे आहे' असं म्हटलं, ते इतक्या हळू, की त्याला पुन्हा म्हणायला सांगावं लागलं.

क्लायंट भांडला नाही. फक्त खातरजमेसाठी त्यांचा एक माणूस ते प्रतिज्ञापत्र घेऊन वस्तीत गेला आणि सोजरबाई हयात नसल्यानं तिच्या लेकीला, तुळजाबाईला, तिच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं, की हे बरोबर आहे का. तुळजाबाईनं काय उत्तर दिलं ते कागदावर आलं नाही. आलं एवढंच, की हरकत नाही. बुद्धपौर्णिमेला आई नेहमीप्रमाणे वस्तीतल्या जुन्या विहारात गेली, आम्रपाली सोबत होती. वंदना झाली, खीर वाटली गेली. खिरीचं पातेलं तुळजाबाईकडेच होतं. तिनं आईच्या हातात द्रोण दिला आणि म्हणाली, "जय भीम, नंदा. माझ्या आईचा काही संबंध नव्हता म्हणं."

आजूबाजूच्या बायका बोलता बोलता थांबल्या. आम्रपालीनं बोलायला तोंड उघडलं. तिच्यापाशी सगळी उत्तरं होती, कलमांसकट. पण आईनं तिचं मनगट धरलं. "खीर चांगली झालीय," आई म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळी संपवली. तेव्हापासून ती विहारात जात नाही. वाघोलीहून लांब पडतं म्हणते. लांब आधीही पडतच होतं.

प्रत आली ती एका सीडीवर, कव्हरवर ऑफिसच्या नेटक्या अक्षरांत: गीत व गायन, कालकथित सुखदेव. आम्रपालीनं ते नाव परत परत वाचलं आणि आनंद व्हायची वाट पाहिली. सुदर्शननं हात पुढे केला. "अभिनंदन. आता तुम्ही हक्कदार. कुणी वाटताना दिसलं तर मला सांगा, आपण बंदोबस्त करू." ती 'थँक्यू सर' म्हणाली. त्याच दुपारी तिनं वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांची गाणी ऐकली आणि 'जुळतं', 'जुळतं' करत गेली, कारण ती जुळत होती.

सीडी लावायला आई लगेच शिकली. दुपारची भांडी झाली की लावायची. रविवारी आम्रपाली घरी होती, आतल्या खोलीत पडून ऐकत होती. सबंध गाणं, खरखर नाही, मधे काही नाही. तो रांगेत उभा राहतो, बादल्या वाजतात, झाकण उघडतं, पाणी येतं. लहानपणी त्याच्या हनुवटीला लागणारे आपले केस आठवले आणि तिला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. गाणं शेवटाकडे आलं. पेटीनं कडव्याआधीची उठावण घेतली, सगळ्या पार्टीनं टाळ्या धरल्या, त्यानं श्वास घेतला, आणि आवाज बंद झाला.

ती उठून बाहेर आली. आई यंत्रापाशी उभी होती, बोट बटणावर.

"आई, अजून आहे की पुढे. एक कडवं राहिलंय."

"माहीत आहे."

"मग बंद का केलंस?"

"रोज इथंच करते," आई म्हणाली. "त्याच्या पुढचं खोटं आहे, असं मी लिहून दिलंय ना." तिनं सीडी काढली, पदरानं पुसली, कव्हरात घातली आणि खाली टँकर आला का ते बघायला गॅलरीत गेली.